मुंबई–लंडन: ७,२०० किलोमीटर आणि दहा तासांमधलं गणित

मुंबई ते लंडन किती अंतर, असं विचारलं की मोबाइल लगेच ७,२०० किलोमीटर सांगून मोकळा होतो. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर सरळ आठ तास होतात. तिकिटावर मात्र जाताना पावणेदहा-दहा तास लिहिलेले असतात आणि येताना नऊच्या आसपास. शिवाय घड्याळाच्या वेळा पाहिल्या तर रात्री अडीचला निघालेलं विमान सकाळी सातच्या आत पोचलेलं दिसतं, म्हणजे जेमतेम सव्वाचार तास. हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. कुठला आकडा कशासाठी वापरायचा हे एकदा कळलं की तिकीट निवडणं, घ्यायला येणाऱ्यांना वेळ कळवणं, पुढची गाडी धरणं, सगळंच सोपं होतं.

आधी अंतर. ते शहरापासून शहरापर्यंतचं नसतं, विमानतळापासून विमानतळापर्यंतचं असतं. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ साधारण १९.०९ अंश उत्तर अक्षांश आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे; लंडनचा हीथ्रो ५१.४७ उत्तर आणि ०.४६ पश्चिम. एवढं हाताशी असलं की अंतर कुणालाही काढता येतं, मोबाइलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.२५५८. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. एक रेखांश पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे इथे फरक म्हणजे बेरीज, ७३.३३ अंश, उत्तर ०.१६८९. दोन्ही मिळवले की ०.४२४७. याचा उलटा कोसाइन काढला की ६४.८७ अंश येतात. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट ज्या मोठ्या वर्तुळावरून जाते त्याला बृहद्वृत्त म्हणतात; पृथ्वीवरच्या बृहद्वृत्ताचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल (सागरी) मैल, म्हणून ३,८९२ नॉटिकल मैल. आणि एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून ७,२०८ किलोमीटर.

हे गणित चुकतं ते दोन ठिकाणी. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिलेला असतो, तो डिग्रीवर आणायचा. आणि १९ अंश ५ मिनिटं हे कुणी १९.०५ असं लिहितं; मिनिटांना ६० ने भागायचं असतं, ते १९.०८ होतात. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे जराशी चपटी आहे, त्यामुळे या रीतीत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. ७,२०० किलोमीटरवर तो ३६ किलोमीटरच्या आत राहतो, म्हणजे उड्डाणाची दोन-तीन मिनिटं. त्यासाठी डोकं शिणवायची गरज नाही.

मैलांचा घोळ मात्र मोठा आहे. विमानं शोधणाऱ्या एका साइटवर ३,८९० मैल दिसतात, दुसरीवर ४,४८०. पहिले नॉटिकल, दुसरे रस्त्यावरचे साधे मैल. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक पहिले वापरतात, विमान कंपन्यांच्या पॉइंट-योजना बहुधा दुसरे. अंतर बदललेलं नसतं.

आता एक सोपा प्रयोग. शाळेत असतो तो पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा आणि दुसरं लंडनवर ताणा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पाहून वाटतं की वाट अरबस्तान, इजिप्त, भूमध्य समुद्र अशी जात असेल. ताणलेला दोरा मात्र बऱ्यापैकी उत्तरेकडून जातो. मुंबईहून निघताना त्याची दिशा ३१९ अंश, म्हणजे जवळजवळ नेमकी वायव्य. तो कराचीजवळून बलुचिस्तानात शिरतो. पाव अंतर कापलं की इराणच्या पूर्व सीमेवर, सिस्तानच्या भागात येतो. बरोबर मधला बिंदू कॉकेशसमध्ये पडतो, जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी तिथून थोडीच उत्तरेला. पाऊण अंतर होतं ते युक्रेनच्या पश्चिम भागात. मग मध्य युरोप, जर्मनी आणि उत्तर समुद्राचा किनारा.

ही झाली कागदावरची वाट. वर लिहिलेली नावं पुन्हा वाचली की अडचण लगेच दिसते. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, भारतानेही तसंच उत्तर दिलं, आणि दोन्हीकडून ही बंदी महिन्यामहिन्याने वाढवली गेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हद्द अशीच बंद होती. जून २०२५ मध्ये इराण-इराकचं आकाशही काही दिवस बंद झालं. म्हणून त्याच दिवशी, त्याच तासाला मुंबईहून लंडनला निघालेली दोन विमानं वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. ब्रिटिश कंपनीच्या विमानाला कराचीवरून जायला मोकळीक असते आणि भारतीय कंपनीचं विमान अरबी समुद्र ओलांडून आधी मस्कत गाठतं.

इथे मुंबईचं नशीब चांगलं आहे. मुंबई ते मस्कत १,५९० किलोमीटर आणि मस्कत ते लंडन ५,८३० किलोमीटर. बेरीज ७,४२०. सरळ दोऱ्यापेक्षा जेमतेम २१० किलोमीटर जास्त, म्हणजे वेळेत पंधरा मिनिटं. दिल्लीचं तसं नाही. कागदावर दिल्ली लंडनला मुंबईपेक्षा पावणेपाचशे किलोमीटरने जवळ आहे, अंतर सुमारे ६,७३०. पण पाकिस्तान बंद असताना दिल्लीहून सुटलेल्या भारतीय विमानाला आधी राजस्थान-गुजरातवरून खाली समुद्रावर यावं लागतं आणि मग मस्कतकडे वळावं लागतं. ही वाट साडेसात हजारांच्या बरीच वर जाते. जवळचं शहर लांबचं होऊन बसतं.

वारा

वेळेत सगळ्यात मोठा फरक पाडणारी गोष्ट वारा आहे, आणि तिकीट काढताना तिचा विचार क्वचितच कुणी करतं.

बोइंग ७८७ सारखं विमान ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने उडतं. ११ किलोमीटर उंचीवर, उणे ५६ अंश तापमानात ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, त्याचे ०.८५ पट म्हणजे ९००. पण हा वेग सभोवतालच्या हवेच्या तुलनेत आहे. हवाच पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असेल तर जमिनीच्या हिशोबात विमान लंडनकडे जाताना कमी वेगाने सरकतं आणि मुंबईकडे येताना जास्त.

या भागात वाहणाऱ्या वेगवान पट्ट्याला उपोष्ण जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो इराण, अफगाणिस्तान, उत्तर भारत असा साधारण २५ ते ३५ अक्षांशांच्या दरम्यान येतो आणि त्याच्या गाभ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासचा वारा ही नवलाची गोष्ट नाही. आपली वाट याच पट्ट्याला तिरकी कापते. पावसाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि ढिला पडतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत लंडनला जाणारं विमान जास्त वेळ घेतं, आणि लंडनहून मुंबईला येणारं त्याच दिवसांत सगळ्यात लवकर पोचतं.

आकड्यांत पाहू. प्रत्यक्ष वाट ७,४५० किलोमीटर धरा आणि सगळ्या वाटेवर मिळून सरासरी ताशी ८० किलोमीटरचा समोरचा वारा. जमिनीवरचा वेग झाला ८२०, वेळ ९ तास ५ मिनिटं. येताना तोच वारा पाठीमागून: वेग ९८०, वेळ ७ तास ३६ मिनिटं. जाण्या-येण्यात दीड तासाचा फरक पडला तो फक्त वाऱ्यामुळे. आणखी एक बारीक गोष्ट बघा. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १६ तास ३३ मिनिटं झाली असती. वाऱ्यासकट झाली १६ तास ४१ मिनिटं. जाताना गमावलेला वेळ येताना पुरता भरून निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं आणि पाठीमागच्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ मिळतो.

म्हणूनच कंपन्या रोज नवी वाट आखतात. उड्डाणाच्या काही तास आधी वाऱ्याचे अंदाज येतात, आणि शंभर किलोमीटर लांबची पण कमी वाऱ्याची वाट सापडली तर विमान तिकडून नेतात. सीटसमोरच्या पडद्यावर नकाशा पाहताना विमान कालच्यापेक्षा वेगळ्या शहरावरून जाताना दिसलं तर त्यात काही चुकलेलं नसतं. त्याच पडद्यावर उंचीचा आकडाही पाहा: पश्चिमेकडे जाताना तो बहुधा ३४, ३६, ३८ हजार फूट असा सम असतो आणि पूर्वेकडे येताना ३५, ३७, ३९ असा विषम. समोरासमोर येणारी विमानं वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवण्यासाठीचा हा जागतिक नियम आहे.

तिकिटावरचे तास

तिकिटावर लिहिलेली वेळ हवेतली नसते. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथून ती सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला गेटवर चाकं थांबतात तिथे संपते. याला ब्लॉक टाइम म्हणतात. वरच्या ९ तास ५ मिनिटांत मुंबईतली जमिनीवरची वीसेक मिनिटं, चढण्या-उतरण्यात आणि वळणं घेण्यात जाणारी पंधरा, हीथ्रोवर गेटपर्यंतची दहा मिळवली की पावणेदहा-दहा तास होतात. तिकिटाशी जुळतं.

मुंबईत जमिनीवर वेळ का जातो, तर इथे धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते. आणि युरोप-आखाताची बरीच विमानं मध्यरात्रीच्या पुढे-मागे दोन-तीन तासांत निघतात, त्यामुळे विमान गेटवरून सुटल्यावरही रांगेत उभं राहतं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस दोन्ही धावपट्ट्या दुरुस्तीसाठी दुपारी सहा तास, साधारण ११ ते ५, बंद ठेवतात. तारीख आधी जाहीर होते. दुपारचं विमान असेल तर मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती बातमी शोधून बघावी.

हीथ्रोचा वेगळा प्रकार आहे. तिथे रात्री आवाजाचे कडक निर्बंध असतात आणि पहाटे साडेचारच्या आधी सहसा कुठलंच विमान उतरवायचं ठरवलेलं नसतं. सकाळी सहा-सातच्या सुमाराला आशिया-अमेरिकेतून आलेल्या विमानांची एकच गर्दी होते. पूर्वेकडून आलेलं विमान मग लंडनच्या ईशान्येला लॅम्बर्नच्या आकाशात अंड्याच्या आकाराचे फेरे मारत नंबर लागायची वाट पाहतं. पडद्यावर 'पोचायला १० मिनिटं' बराच वेळ तशीच दिसत राहतात ती यामुळे. कंपन्यांना हे माहीत असतं, म्हणून त्या वेळापत्रकातच थोडी सूट धरून ठेवतात. फेरे न पडता विमान सरळ उतरलं तर 'वीस मिनिटं लवकर' अशी घोषणा होते, आणि मग गेट रिकामं नाही म्हणून तीच वीस मिनिटं बसून काढावी लागतात. घ्यायला येणाऱ्यांना सांगताना लवकर उतरल्याच्या घोषणेवर जाऊ नका, तिकिटावरचीच वेळ सांगा.

घड्याळ आणि तारीख

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. लंडन हिवाळ्यात जागतिक वेळेवरच असतं, उन्हाळ्यात एक तास पुढे जातं. म्हणून आपला आणि त्यांचा फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. दोन्ही वेळा हा बदल आपल्याकडे सकाळी साडेसहा वाजलेले असताना होतो. विमान कंपन्यांचं उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकही याच दोन रविवारी बदलतं, त्यामुळे आधी काढलेल्या तिकिटावरची मुंबईची वेळ तासाभराने सरकलेली असू शकते. ईमेल नीट वाचत जा.

प्रवासाचा खरा वेळ काढायचा नियम सोपा आहे. दोन्ही वेळांतला फरक काढा. मुंबईहून लंडनला जाताना त्यात साडेपाच (किंवा साडेचार) तास मिळवा, येताना वजा करा. हिवाळ्यात मुंबईहून रात्री २:३० ला निघून लंडनला सकाळी ६:५० ला पोचणारं विमान: फरक ४ तास २० मिनिटं, अधिक साडेपाच, बरोबर ९ तास ५० मिनिटं. लंडनहून रात्री ९:३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११:५० ला मुंबईत: फरक १४ तास २० मिनिटं, वजा साडेपाच, बरोबर ८ तास ५० मिनिटं. दर वेळी हा हिशोब करायला कंटाळा येत असेल तर निदान कनेक्टिंग विमान असताना तरी करा, कारण तिथे तीन देशांच्या तीन वेळा एकाच कागदावर असतात.

तारखेची चूक याहून महाग पडते. तिकिटावर १५ तारीख, ००:४० असं लिहिलेलं असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री साडेनऊच्या सुमाराला पोचायचं असतं. आपल्या बोलण्यात 'पंधराची रात्र' म्हणजे पंधरा तारखेचं जेवण झाल्यावरची रात्र, आणि नेमकं तिथेच माणसं एक दिवस उशिरा पोचतात. आई-बाबांचं तिकीट मुलं परदेशातून काढून पाठवतात तेव्हा तर ही गल्लत हमखास होते. मेसेजमध्ये नुसती तारीख न टाकता 'मंगळवारी १४ तारखेला रात्री सातला घरातून निघायचं' असं वाराचं नाव घालून लिहावं.

औषधांच्या वेळा घड्याळाप्रमाणे चालत नाहीत, मधे गेलेल्या तासांप्रमाणे चालतात. इन्सुलिन किंवा ठरावीक तासांनी घ्यायच्या गोळ्या असतील तर प्रवासाचे खरे तास लिहून आधीच डॉक्टरांना दाखवा. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

थेट की थांबून?

'दुबईवरून फार लांब पडतं' हे वाक्य सारखं ऐकू येतं. ते खरं नाही. मुंबई ते दुबई १,९२५ किलोमीटर, दुबई ते हीथ्रो ५,५००. बेरीज ७,४२५, थेट दोऱ्यापेक्षा सव्वादोनशेच्या आत जास्त. इस्तंबूल तर त्याहूनही वाटेवर आहे: ४,८३५ आणि २,४९० मिळून ७,३२५. आता दिल्ली घ्या. मुंबई ते दिल्ली १,१४०, दिल्ली ते लंडन ६,७३०, एकूण ७,८७०. साडेसहाशे किलोमीटर जास्त, आणि त्यात पाकिस्तानचा वळसा धरलेलाच नाही. देशातल्या देशात विमान बदललं की जवळ पडेल असं वाटतं, पण दिल्लीवरून लंडनला जाणं म्हणजे दादरहून चर्चगेटला जाताना आधी वांद्र्याला जाऊन येण्यासारखं आहे.

मग थांबून जाण्यात वेळ कुठे जातो? किलोमीटरमध्ये नाही. एक जास्तीचं उतरणं, गेटपर्यंत जाणं, परत चढणं यात साधारण एक तास, आणि मधला थांबा. दुबईला तीन तासांचा थांबा धरला तर सव्वातीन तास, तीन तास आणि साडेसात तास मिळून पावणेचौदा. थेट विमानापेक्षा चार तास जास्त. एवढ्यासाठी किती पैसे वाचले पाहिजेत हे ज्याचं त्याने ठरवावं. आमचं मत विचाराल तर लहान मूल किंवा साठीपुढचं माणूस एकटं प्रवास करत असेल तर थेट विमानच बघावं, चार-पाच हजार जास्त गेले तरी.

थांबून जायचं ठरलं तर दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर हवीत. मग सामान मुंबईतच लंडनपर्यंत टॅग होतं आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढच्या विमानाची सोय करणं हे कंपनीचं काम राहतं. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडली की हे दोन्ही जातं. सामान घ्यायला बाहेर यावं लागतं, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि पुढचं विमान चुकलं तर ते तिकीट वाया. युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलत असाल तर भारतीय पासपोर्टला तिथे एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे त्या देशाच्या वकिलातीच्या पानावर पाहून मगच पैसे भरा. थांबा दीड तासापेक्षा कमी दाखवत असेल तर तो पर्याय सोडून द्यावा. वाऱ्यात पंधरा मिनिटं, रांगेत वीस मिनिटं गेली की उरतं काय?

घरापासून घरापर्यंतचा हिशोब वेगळा. आंतरराष्ट्रीय विमानांचे काउंटर साधारण सुटायच्या तासभर आधी बंद होतात, काही कंपन्यांचे ७५ मिनिटं आधी, आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. मध्यरात्रीची गर्दी धरून तीन तास आधी सहारच्या टर्मिनल २ ला पोचायचं. मेट्रो ३ चं स्टेशन टर्मिनलला लागूनच आहे. मोठं सामान नसेल आणि रात्री नऊ-साडेनऊपर्यंत पोचायचं असेल तर कुलाबा-दादर-माहीमकडच्यांनी तीच धरावी. ठाणे-डोंबिवलीकरांनी गाडी केली तर दीड-दोन तास. पुण्याहून बोरघाटातली शनिवार-रविवारची कोंडी धरून पाच तास सोडा. अनंत चतुर्दशीला आणि मोठ्या पावसाच्या दिवशी भरतीची वेळ पाहून त्यात आणखी दोन तास. तिकिटावर मुंबईचा कोड बीओएम आहे की नवी मुंबईचा एनएमआय, हेही आता बघावं लागतं. पलीकडे हीथ्रोला भारतीय पासपोर्ट ई-गेटवर चालत नाही, माणसाकडच्या रांगेत उभं राहावं लागतं. रांग आणि सामान मिळून दीड तास धरा. तिथून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला हीथ्रो एक्स्प्रेस १५ मिनिटांत नेते, एलिझाबेथ लाइन अर्ध्या तासात आणि बऱ्याच कमी पैशांत. असं सगळं धरलं की दहा तासांचं उड्डाण दादरच्या दारापासून लंडनमधल्या दारापर्यंत सोळा-सतरा तासांचं होतं.

तरीही ८ जून १९४८ शी तुलना करून पाहण्यासारखी आहे. त्या दिवशी एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण मुंबईहून लंडनला निघालं. 'मलबार प्रिन्सेस' नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन, वाटेत कैरो आणि जिनिव्हा. पृथ्वीगोलावरचा दोरा तेव्हाही ७,२०० किलोमीटरचाच होता.

हे बृहद्वृत्ताचं अंतर एका ठिकाणी थेट पैशांत मोजलं जातं, आणि आपल्याकडे ते फार थोड्यांना माहीत असतं. ब्रिटनच्या नियमाप्रमाणे विमान खूप उशिरा पोचलं तर भरपाई मिळते, आणि ती किती हे अंतरावर ठरतं. ते अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं असं नियमात लिहिलेलं आहे, विमानाने कितीही वळसा घातला असो; मधे थांबा असला तरी पहिल्या आणि शेवटच्या विमानतळामधलंच अंतर धरतात. ३,५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला, चार तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर माणशी ५२० पौंड. तीन ते चार तासांच्या उशिराला निम्मे, २६०. लंडनहून मुंबईला येताना हा नियम कुठल्याही कंपनीच्या विमानाला लागू होतो, भारतीय कंपनीलाही. मुंबईहून लंडनला जाताना मात्र ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनी असेल तरच. वादळ, हवाई हद्द अचानक बंद होणं, नियंत्रकांचा संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असली तर भरपाई मिळत नाही. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड या कारणांत बसत नाही.

उशीर मोजला जातो तो धावपट्टीला चाकं लागल्यापासून नाही, गेटवर विमानाचा दरवाजा उघडल्याच्या वेळेपासून. दोन तास ५५ मिनिटांचा उशीर आणि तीन तासांचा उशीर यांत २६० पौंडांचा फरक असतो, म्हणून दरवाजा उघडल्याबरोबर मोबाइलवर वेळ दिसेल असा एक फोटो काढून ठेवा आणि बोर्डिंग पासचा तुकडा फेकू नका. अर्ज कंपनीच्या साइटवर स्वतःच करता येतो. मधला एजंट लागत नाही.